आजीचं कुंकू आणि दगडावरचं साल

शाळा भरायच्या आधी भावाचा फोन आला की मला आधी बाबांचीच काळजी वाटते. बाबा ऐंशीच्या पुढचे, बीपीचे आणि हट्टी. त्यातून भाऊ असा की वाईट बातमी असली तर आधी माझ्या तब्येतीची चौकशी करणार, मग अकोल्याच्या उन्हाची, आणि मग हळूच मुद्द्यावर येणार. त्या दिवशी त्याने उन्हाचंही विचारलं नाही.

"ताई, बाबा नाई म्हणून राहिले. दगडावर नाव नको म्हणतात."

मी शिक्षकांच्या खोलीत उभी होते. पहिला तास गणिताचा, आठवीचा. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की डाव्या हाताची मूठ आवळलेली आहे आणि नखं तळहातात रुतली आहेत. ही माझी जुनी खोड. झोपेतसुद्धा मुठी आवळते, सकाळी हातावर चंद्रकोरी उमटलेल्या असतात. त्या तासाला मी फळ्यावर काय लिहिलं ते देव जाणे आणि आठवीच्या मुली जाणोत.

दगड म्हणजे अमरावतीत उभं राहत असलेलं स्मारक. दुसऱ्या महायुद्धात आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांचं. बंदुका घेऊन लढलेल्यांची नावं कुठे ना कुठे आधीच कोरलेली होती. ही नावं त्यांच्या मागून चालणाऱ्यांची होती. खेचरं हाकणारे, रस्ते खोदणारे, ओझी वाहणारे, हजारांच्या भाकरी भाजणारे. ते मेले तेव्हा त्यांना शिपाई म्हणून कोणी धरलं नाही, आणि पुढे तर सगळे विसरूनच गेले. आता सरकारला आठवण झाली होती. माझे आजोबा खेचरांवर होते. वलगावातून निघाले तेव्हा आजीला दिवस गेलेले होते. ते ब्रह्मदेशाकडच्या डोंगरात पोचले एवढं गावाला कळलं, त्यापुढचं काहीच कळलं नाही. बाबांनी आपल्या वडिलांचं तोंड कधी पाहिलं नाही.

तिवशाकडचे एक निवृत्त सुभेदार हे नावं जमवायचं काम अंगावर घेऊन गावोगाव हिंडत होते. बोलायला लागले की समोरच्याचा चहा निवून जायचा, पण कामाला पक्के. आजोबांचं नाव सापडल्याचं सांगायला ते स्वतः वलगावला आले, तेव्हा बाबांनी त्यांच्या गळ्यात आमच्याच वावरातल्या झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा शिवायला टाकला. मलाही फोन करून सांगितलं, "तुह्या आज्याचं नाव येऊन राहिलं वो बाई, पक्क्या दगडात." आवाज असा की जणू आजोबाच येऊन राहिले.

पुढच्या खेपेला सुभेदार म्हणाले की प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल येईल. जुन्या सरकारी कागदांत मिळालेलं साल सांगितलं. ते बाबा पाळण्यात होते तेव्हाचं. त्या दिवसापासून बाबा गप्प. शिवलेला सदरा आणायलाही गेले नाहीत. आणि आता हे. घरच्यांची मर्जी नसेल तर नाव सोडून देऊ, असं सुभेदारांनी सांगितलं होतं. दगडावर काम करणारा कारागीर खोळंबला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

बाबा नाही का म्हणत होते हे समजायला माझी आजी माहीत असायला हवी.

युद्ध संपलं, गेलेल्यांपैकी काही परतले, आजोबा आले नाहीत. बरीच वर्षं वाट पाहून आजोबांच्या धाकट्या भावांनी ठरवलं की आता गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे क्रियाकर्म तरी होईल. पुतळा तयारसुद्धा झाला होता म्हणतात. आजी बाबांचा हात धरून अंगणात आली आणि म्हणाली, "त्याले आग लावाची असन तं आधी मले लावा." पुतळा मोडून त्याचं गवत बैलापुढे टाकलं. आजीने कुंकू पुसलं नाही, ते कायमचंच. आमच्याकडे पितरांना पान वाढताना आजोबांचं नाव कधी घेतलं गेलं नाही. ते जिवंतच होते, फक्त आले नव्हते.

पुढे पुढे तर गावात तिच्या कुंकवाचा लौकिकच झाला. एवढं युद्ध होऊनही जिचा नवरा मेल्याची खबर आली नाही, तिचं कुंकू केवढं बळकट, असा बायांचा हिशेब. लग्नघरून पहिलं बोलावणं आजीला. नवरीची ओटी तिने भरायची, हळदीचं पहिलं बोट तिचं. वलगावातल्या किती मुली तिच्या हातून ओटी भरून घेऊन नांदायला गेल्या याची गणतीच नाही. आजी गेली तेव्हा तिला सवाष्ण म्हणून नेलं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या. गावच्या बाया रांग लावून तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावत होत्या. बाबा तो दिवस अजून अभिमानाने सांगतात.

बांगड्या भरायचं काम गावातल्या मणियारांचं. त्यांच्या घरची ती पिढीजात कला. गंमत अशी की थोरला मणियार हा आजोबांबरोबरच युद्धावर गेलेला आणि परत आलेला माणूस. आमची वाट तुटली, तो दुसरीकडे गेला, मला पुढचं माहीत नाही, असं त्याने आल्या आल्या सगळ्या गावाला सांगितलं आणि मुकाट पुन्हा टोपली डोक्यावर घेतली. बाबा त्याच्या वेंधळेपणाची एक गोष्ट सांगून हसत. वर्षातून एकदा तो भल्या सकाळी येऊन आजीच्या जुन्या बांगड्या उतरवायचा, नव्या आणतो म्हणून जायचा आणि पार दिवेलागणीला उगवायचा. आता, सवाष्ण बाईचे हात रिकामे ठेवत नाहीत. बांगड्या बदलतानासुद्धा एखादी हातात राहू देतात, नाहीतर दोरा बांधतात. आणि आजी दिवसभर भुंड्या हातांनी घरात वावरायची. तिची सासू मणियाराचा असा उद्धार करायची की शेजारपाजारच्या बाया ऐकायला गोळा व्हायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पण मणियार काही सुधारला नाही.

त्याचा मुलगा म्हणजे आमचे चाचा, बाबांच्या बरोबरीचे. माझ्या हातात पहिली बांगडी त्यांनी भरली. माझा हात आजीवर गेलाय, माप तेच, असं ते म्हणायचे. आणि मी मूठ आवळून बसले की पंजा दाबत म्हणायचे, "हात ढिला सोड बेटा. काच आहे, जोर नाई चालत."

आता माझ्या हातात बांगड्या नाहीत. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी नणंदेने त्या उतरवल्या. मी गणित शिकवते, चार पुस्तकं वाचलेली आहेत, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि हात पुढे केले. तेव्हापासून उजव्या हातात घड्याळ आणि डावा रिकामा. शाळेत कोणी काही बोलत नाही. संक्रांतीला शेजारच्या बाया वाण घेऊन माझ्या दारावरून पुढे जातात, तेव्हाही कोणी काही बोलत नाही. मला काही वाटत नाही असं मी सांगत आले आहे. वाटतं. चांगलंच वाटतं.

तर त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी अमरावतीची एसटी धरली. रस्ताभर एकच विचार. बाबा नाही म्हणाले तर आजोबांचं नाव कुठेच राहणार नाही. त्यांना चिता नाही, पिंड नाही, फोटो नाही. हा एक दगड होता. आणि बाबा हो म्हणाले आणि त्या गोष्टीने आतून खचले तर? त्यांचं वय बघता मला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती. बडनेरा कधी आलं कळलंच नाही.

वलगावला पोचले तेव्हा बाबा वावरात होते. झेंडू तोडून झाला होता आणि ते वावराच्या कडेला धुऱ्यावर नुसतेच बसले होते. मी शेजारी बसले.

"सांगतलं वाटते त्यानं," ते म्हणाले.

"सांगतलं. काहून नाही म्हणता?"

"तू गणित शिकवतं ना? मंग कर हिशेब. दगडावर साल आलं का माय तवापासून रांडमुंड ठरते. पूरी जिंदगी. लोकं काय म्हणतीन? रांडमुंड बाई आमच्या पोरींच्या ओट्या भरून गेली म्हणतीन. ज्याच्या घरी वाकडं झालं तो मायचं नाव घेईन. बापाचं नाव मोठं कराले मी मायची माती करू काय?"

मला राग आला. तो शब्द माझ्यावरही बसत होता. म्हटलं, "मंग मी कोण आहो, बाबा? माह्या हातचा चहा काहून पेता मंग? तोही सोडा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे. त्यांचा चेहरा उतरला. माझे हे गेले तेव्हा बाबा अकोल्याला आले होते, नणंदेने बांगड्या उतरवल्या तेव्हा दारात उभे होते, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. आताही बोललो नाही.

मग ते उठले. "चाल," म्हणाले. "एका मानसाले इचाराचं राहून गेलं."

ते चाचांच्या दुकानाकडे निघाले आणि कशासाठी ते मला कळलं. आजोबांबरोबर गेलेला माणूस गावात परत आला होता, म्हातारा होऊन मेला होता, त्याचा मुलगा बाबांचा जन्माचा सोबती होता, आणि एवढ्या वर्षांत बाबांनी त्या घरात तो एक प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारला नव्हता. मलाही तो कधी विचारावासा वाटला नव्हता. आमच्या घरात भीती अशीच नांदते, सगळ्यांच्या सोबत जेवायला बसते.

दुकान बाजाराच्या गल्लीत. आता तिथे टिकल्या, क्लिपा, पावडरी सगळंच मिळतं आणि गल्ला चाचांचा मुलगा सांभाळतो, पण काचेच्या बांगड्या भरायला चाचाच बसतात. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि मुलाला चहा सांगायला पाठवलं.

बाबा बाकावर बसले. "तुह्या बापानं कधी काही सांगतलं का?" एवढंच म्हणाले.

चाचांनी कोणाबद्दल ते विचारलं नाही. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून मांडीवर ठेवलं.

"सांगतलं होतं, भाऊ. जाता जाता. म्या कसम खाल्ली होती, तुमच्या मायच्या हयातीत तोंड उघडनार नाई. मंग थे गेली. आन् तुमी तं कधी पुसलंच नाई."

"आता पुसून राहिलो."

"तापानं गेला भाऊ तुमचा बाप. गोळीनं नाई. तिकडं पहाडात, पानी थांबेचना, लाकडं ओली. अब्बानंच माती देल्ली."

मी बाबांच्या छातीकडे बघत होते. श्वास नीट चालला आहे का, एवढंच. गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि मी पर्सची चेन उघडूनच बसले होते.

"म्हणजे त्याले मालूम होतं," बाबा म्हणाले. "आन् मायले नाई सांगतलं."

"तिलेच तं सांगतलं," चाचा म्हणाले. "फक्त तिलेच."

बाजारातला आवाज तसाच चालू होता. चाचा हळूहळू सांगत गेले. त्यांचे अब्बा युद्धावरून आल्यावर पहिल्यांदा टोपली घेऊन आमच्या अंगणात बसले. आजीच्या सासूबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. आजीचा डावा हात भरून झाला आणि मग, पंजा हातात असतानाच, त्यांनी खाली मान घालून तिला सांगितलं. आजी रडली नाही. हातही काढून घेतला नाही. अब्बांना वाटलं, आता संपलं, म्हणून ते टोपली झाकायला लागले. तर आजीने उजवा हात पुढे केला.

"म्हणे, 'राहिलेला हात भर.'"

"काहून?" बाबांचा आवाज फाटला.

"तुमच्यासाठी. तुमचे काके काय होते तुमाले मालूम. मोठा मेला म्हटलं असतं तं तुमच्या मायले माहेरी धाडलं असतं, नाई तं पाट लावून देल्ला असता. तुमी काकाच्या ढोरामांगं राहिले असते. नवरा जित्ता तवरीक त्याचा वाटा जित्ता. थे झेंडूचं वावर तिनं काकनं घालून राखलं, भाऊ."

"आन् वाटा निघाल्यावर? मंग तं सांगाचं होतं!"

"अब्बानं म्हटलं होतं तिले. तं म्हणे, आता कुंकू पुसलं तं पोरगं इचारन, कवा मेला. काय सांगू त्याले?"

बाबा एकदम उठले. मला वाटलं आता पडतात. पण ते रागावले होते. "म्या दरसाली इचारलं तिले," ते म्हणाले. "दिवाळी आली का इचारलं, बाबा कवा येतीन. थे म्हणे, येतीन. डोये टिपेना, काही नाई. सरळ म्हणे, येतीन." दुकानातल्या दोन मुली टिकल्या बघायच्या थांबल्या. बाबांना भान नव्हतं. "एक दिवस तरी रडाचं होतं ना तिनं. एक दिवस."

"एक दिवस होता," चाचा म्हणाले. "तुमी हासता ना माह्या बापाले, सकाळी काकनं उतरवून सांजीले येते म्हणून? थो दिवस. ज्या दिवशी माती देल्ली थो. तिनंच सांगतलं होतं अब्बाले, सालातून एक दिवस माहे हात रिकामे राहू दे, आन् उशीर तू तुह्या नावावर घे. शिव्या खाये माहा बाप तुमच्या मायच्या सासूच्या. घरी येऊन जेवे नाई त्या दिवशी."

बाबा पुन्हा बसले. चहा आला होता, तो कोणी घेतला नाही. मला आठवत होत्या त्या बाबांच्या गोष्टीतल्या शेजारपाजारच्या बाया, शिव्या ऐकून पदर तोंडाला लावून हसणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये भुंड्या हातांनी भाकरी थापणारी आजी. तिला सगळं माहीत होतं. ती फसली नव्हती, चुकली नव्हती. तिने ठरवलं होतं.

मग बाबा म्हणाले, "हिरव्या काढ. तिच्या मापाच्या."

चाचांनी माप विचारलं नाही. दोन्ही हातांपुरत्या हिरव्या बांगड्या कागदात बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत. बाहेर आल्यावर बाबांनी मला सुभेदारांना फोन लावायला सांगितला. "नाव टाका," म्हणाले. "सालासकट टाका."

सगळं मार्गी लागलं असं वाटायला हवं होतं. भावाला वाटलंही. माझा मात्र त्या दिवसापासून डोळ्याला डोळा लागेना, कारण बांगड्या. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात. बाबांनी त्या कशाला घेतल्या होत्या? मला एकच उत्तर सुचत होतं. ते दगडावर फोडणार. आजीचं जे राहून गेलं ते तिच्या नावाने पुरं करणार, सगळ्या जिल्ह्यादेखत. आणि मग काचा, बाबांच्या हाताला रक्त, फोटोवाले, आणि गावाला जे कळू नये म्हणून बाबांचा जीव टांगणीला लागला होता ते त्यांच्याच हाताने जगजाहीर. मी फोनवर भावाला म्हटलं, बांगड्या लपवून ठेव. तो म्हणाला, त्या उशाखाली घेऊन झोपतात.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटेची गाडी धरून पोचले. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मुख्य पाहुण्यांची वाट, एकाच सुरात एक-दोन-तीन म्हणणारा माइक. मृतांच्या घरच्यांना पुढच्या रांगा होत्या. बाबा पांढऱ्या सदऱ्यात होते, पिशवीत आमचा झेंडू आणि सदऱ्याच्या खिशात कागदाची ती पुडी. चाचा त्यांच्या शेजारी बसले होते. मागच्या रांगेत आमच्या गावच्या बाया एका टेम्पोत बसून आल्या होत्या. त्यातल्या एकीची ओटी आजीने भरली होती हे मला माहीत होतं. दगडावरचा पडदा सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती बाई पुढे वाकून नाव वाचायला लागली. नाव वाचलं, साल वाचलं, आणि मग तिची बोटं हळूहळू मोजायला लागली. मी तोंड फिरवलं. माझ्या दोन्ही मुठी पदरात होत्या.

एकेकाचं नाव पुकारत होते. मुलगा, नातू, पुतण्या, कोणी कोणी पुढे जात होतं. शाल, श्रीफळ, फोटो. कित्येक नावांना कोणीच उठलं नाही, तेव्हा सुभेदार स्वतः पुढे जाऊन फूल वाहत होते. मग आजोबांचं नाव आलं. आमच्या घरात ज्या माणसाला कधी मेलेला म्हटलं नव्हतं, त्याच्या नावाआधी भोंग्यातून दिवंगत म्हटलं गेलं, आणि बाबा उठले.

ते सावकाश गेले. झेंडू ठेवला. नावावर हात ठेवला, आंधळ्या माणसासारखा अक्षरांवरून फिरवला. मग त्यांचा हात खिशात गेला आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले. पुडी बाहेर आली. कागद सुटला. ते दगडाला एवढे चिकटून उभे होते की मला त्यांची पाठच दिसत होती. मी काच फुटल्याचा आवाज येण्याची वाट बघत राहिले. माइकवर पुढचं नाव पुकारलं गेलं. कोणी तरी बाबांच्या कोपराला धरून त्यांना बाजूला केलं.

ते परत आले, बसले. पुडी उघडी त्यांच्या मांडीवर होती. बांगड्या सगळ्या धड होत्या.

मी त्यांच्याकडे वाकले. म्हटलं, "बाबा, कशाले आणल्या होत्या?"

"दाखवाले," ते म्हणाले. "म्हटलं, पाह्य बाबा, तुह्या नावाचं कुंकू पुसू देल्लं नाई मायनं. अख्खी जिंदगी घातल्या."

मग त्यांनी ती पुडी चाचांपुढे धरली आणि माझ्याकडे बोट केलं. "इच्या हातात भर."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा आधी मागच्या रांगेची आठवण झाली. "बाबा, काय करून राहिले? लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. मायले मालूम असून तिनं घातल्या. तुलेही मालूम आहे." त्यांचे डोळे भरले होते. "तवा म्या दारात उभं राहून काही बोललो नाई. आता बोलून राहिलो."

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. चाचांनी खुर्ची वळवली आणि माझा डावा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. मूठ इतकी घट्ट होती की त्यांना बोटं एकेक करून सोडवावी लागली. तळहातावरच्या नखांच्या खुणा त्यांनी पाहिल्या आणि अंगठ्याने दाबल्या.

"हात ढिला सोड बेटा," ते म्हणाले. "काच आहे."

मागे कोणीतरी कुजबुजलं. मी ऐकलं, आणि हात ढिला सोडायचा प्रयत्न केला. पहिली बांगडी सांध्यावर अडली, मग सरकली. आजीचंच माप होतं. एकामागून एक चढत गेल्या आणि डावा हात भरला. चाचा थांबले. उरलेल्या बांगड्या बोटात धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

मी उजव्या हातातलं घड्याळ काढून बाबांकडे दिलं आणि तो हात पुढे केला.